मधलीची चाल

नगरच्या एसटी स्टँडवर त्या तिघी नेहमीच्या क्रमानं उभ्या होत्या. डावीकडं थोरली शांता, मध्ये माझी बायको करुणा, उजवीकडं धाकटी प्रेमा. स्टेजवर उभं राहायची सवय स्टँडवरही सुटली नव्हती. मुंबईची गाडी लागली. मी ट्रंक टपावर चढवली आणि करुणाला म्हणालो, चल. ती दोघींच्या मधून निघाली आणि गाडीत येऊन बसली. खिडकीतून बघतो तर त्या दोघी तशाच उभ्या. सरकून कुणी जवळ आलं नाही. गाडी वळली तरी त्यांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होतीच.

सासरे खिडकीपाशी आले होते. म्हणाले, "यशवंतराव, कडेची नेली असती तर चाललं असतं. मधली नेली की गाणं उभं राहत नाही."

मी म्हणालो, दोघी गातील की. मला वाटलं, म्हातारा पोरीसाठी रडायचं सोडून गाण्यासाठी रडतोय. मी तोंडाळ माणूस, गाडीत करुणाला तसं म्हणूनही टाकलं. ती घाट संपेपर्यंत बाहेर बघत होती.

हे मी नगरला राहिलेल्या आपल्या माणसांसाठी लिहितोय आणि माझ्यासारखं इकडं दुबईला येऊन म्हातारं झालेल्यांसाठी. मी सातवी शिकलोय. आयुष्यभर एसीच्या डक्टचं, म्हणजे गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळकांड्यांचं काम केलं. लिहायची सवय नाही. करुणा जाऊन तेरा महिने झाले. जबल अलीच्या दफनभूमीत तिला ठेवलंय. एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती सांगतो.

सासरे नगरच्या छावणीत ऑफिसरांच्या मेसमध्ये बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. गोरे लोक गेले तेव्हा एका साहेबानं त्यांना ग्रामोफोन आणि खोकंभर रेकॉर्डी देऊन टाकल्या. त्यात अमेरिकेतल्या तीन सख्ख्या बहिणींची रेकॉर्ड होती. जुन्या काळचं जॅझ. त्या तिघी एकच गाणं एकाच वेळी तीन वेगळ्या सुरांत गायच्या आणि सूर इतके खेटून, की मध्ये सुई जाऊ नये. मध्येच गाणं पळवायचं, मध्येच अडवायचं, मध्येच अर्थ नसलेली अक्षरं बोलायची. सासऱ्यांना त्याचं वेड लागलं. पुढं त्यांनाही तीनच मुली झाल्या. लोक म्हणायचे मुलगा नाही. हे म्हणायचे, हिशोब बरोबर बसला.

मग रोज शाळेतून आल्यावर शिकवणी. रेकॉर्डवर सुई ठेवायची, चार अक्षरं ऐकायची, सुई उचलायची. वरचा सूर शांतानं धरायचा, खालचा प्रेमानं, मधला करुणानं. आणि त्यांचा एक नियम होता. एकीनं दुसरीचं शिकायचं नाही. गुणगुणायचंसुद्धा नाही. म्हणायचे, दुसरीचं यायला लागलं की माणूस तिकडं घसरतं.

इंग्रजी गाणी झाल्यावर त्यांनी त्याच धाटणीचं एक मराठी गाणं स्वतः बसवलं. तीन बहिणी भांडत बसतात आणि चुलीवरचा चहा उतू जातो, एवढंच त्यात. मध्ये डबडब डुबडुब अशी अक्षरं, चहा उकळल्यासारखी. हे गाणं नगरमध्ये गाजलं होतं. छावणीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नाताळाच्या कार्यक्रमाला, लग्नांना, मेसमध्ये, जिथं जातील तिथं लोक म्हणायचे, चहा होऊ द्या.

मीही ख्रिस्तीच, पण शेवगावकडच्या खेड्यातला. आमच्या चर्चच्या मंडळीत भजनं. टाळ, मृदंग, पेटी आणि सगळी माणसं एका चालीत. पाळकानं एक ओळ म्हणायची, आम्ही तीच ओढायची. जो वेगळं गाईल तो चुकला. माझा कान तेवढाच. नगरला वर्कशॉपमध्ये कामाला होतो तेव्हा एका नाताळात त्या तिघींना पाहिलं. चाल मला शांताच्या तोंडून ऐकू आली. मधल्या मुलीचे ओठ हलत होते, पण आवाज काही सापडेना. मला वाटलं हिला गाता येत नाही, बहिणींच्या भरीला उभी केलीय. चेहरा निवांत होता. मला तीच आवडली.

आमचं ठरलं त्याच सुमारास मुंबईच्या एका हॉटेलवाल्यानं तिघींना दर शनिवारी गायला बोलावलं होतं. माझा दुबईचा व्हिसाही तेव्हाच आला. आधी मी दोन वर्षं एकटा राहून आलो, मग तिला न्यायला गेलो. मुंबईचं ते गाणं राहिलं ते राहिलंच. करुणाला काय हवं होतं ते तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दुबईतल्या करामा भागात आम्ही आधी एका फ्लॅटची अर्धी खोली घेतली, मध्ये प्लायवूड लावून. नंतर पुरा फ्लॅट मिळाला, जुन्या दुमजली बिल्डिंगमध्ये. खाली मल्याळी माणसाचं हॉटेल, समोर शिंपी. तेव्हा करामात आजच्यासारखी मराठी दुकानं नव्हती. पोहे कुणी मुंबईहून आणले की चार घरांत वाटले जायचे. मी पहाटे कंपनीच्या बसनं कुसैसच्या वर्कशॉपला जायचो, अंधार पडल्यावर यायचो. करुणा दिवसभर घरात. मराठी बोलायला माणूस नाही. शिंप्याशी हिंदी, मल्याळ्याशी खुणा. सुनीता झाली तेव्हा जरा बरं झालं.

काम करताना ती गुणगुणायची. तेच चहाचं गाणं, शब्द ओळखू यायचे. पण चाल भलतीच. जिथं वर जायला हवं तिथं ही जागेवरच. जिथं थांबायचं तिथं ही हळूच खाली उतरायची. एकाच सुरावर चार-चार अक्षरं, मग अर्ध्या पायरीवर पाय दिल्यासारखं काहीतरी. मला ती चाल नगरपासून पाठ होती. मी म्हणायचो, अगं, तुझ्या सख्ख्या बापाचं गाणं आणि तुलाच येत नाही? चाल येत नसेल तर गाऊ नये माणसानं.

ती म्हणायची, "माझी चाल हीच आहे."

मला तो हट्ट वाटायचा. समजावून सांगायचा तिचा स्वभाव नव्हता आणि विचारायचा माझा.

मग एक शुक्रवार आला. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. आमच्याकडं पाच-सहा मराठी कुटुंबं जेवायला आली होती. मटण, भाकरी, सगळं साग्रसंगीत. जेवणं झाल्यावर एक वहिनी म्हणाल्या, करुणाताई म्हणे नगरला स्टेजवर गायच्या, म्हणा की काहीतरी. करुणा नको म्हणाली. लोकांनी आग्रह केला. ती उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि चहाचं गाणं सुरू केलं. तिच्या चालीत. पहिल्या ओळीला लोक सरसावून बसले. दुसऱ्या ओळीला एकमेकांकडं बघायला लागले. तिसऱ्या ओळीला मी म्हणालो, "अहो, ही स्टेजवर नुसते ओठ हलवायची, गाणाऱ्या तिच्या बहिणी." सगळे मोठ्यानं हसले. मला बरं वाटलं, वेळ सावरली म्हणून. करुणाही हसली आणि पापड आणते म्हणून आत गेली.

त्यानंतर ती माझ्यासमोर कधी गुणगुणली नाही.

माझ्यासमोर म्हणतोय, कारण ती गायची थांबली नव्हती. त्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकघराची आणि बाथरूमची हवा एकाच डक्टमधून वर जायची. मी घरी असलो की ती आधी स्वयंपाकघरातला एक्झॉस्टचा पंखा लावायची आणि त्या आवाजाच्या आडोशानं गायची. तिला वाटायचं, बाहेर ऐकू येत नाही. बाहेर येत नव्हतंच. पण मी दाढीला बाथरूममध्ये गेलो की त्या पत्र्यातून तिचा आवाज माझ्या डोक्यावर यायचा. वीस-बावीस वर्षं मी तो ऐकला. तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तेही बंद केलं असतं, एवढं मला कळत होतं. चाल मात्र तेव्हाही चुकीचीच वाटायची.

आणि माझा कान काही वाईट नाही बरं. एसी सुरू केला की डक्ट बोलतो. कुठं स्क्रू ढिला, कुठं सांधा उघडा, ते बघून कळत नाही, ऐकून कळतं. आमचा पठाण फोरमन मला साईटवर घेऊन जायचा आणि म्हणायचा, यल्ला यशवंत, म्हणजे चल यशवंत, सुनो. मी खाली उभा राहून सांगायचो, तिसरा सांधा. शिडी लावली की तिसराच निघायचा. एवढा कान असून घरात काय ऐकतोय ते मला कळलं नाही.

सुनीता मोठी झाली, तिचं इथंच लग्न झालं. जावई राजन पुण्याचे, बँकेत आहेत. त्यांना एक मुलगी, रिया. करुणाला आधी साखर झाली, मग किडनी. दोन वर्षं डायलिसिस. एका सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि सुनीताशी इंग्रजीत बोलले, मला भाषांतर लागलं नाही. करामाचा फ्लॅट सोडून मी लेकीकडं डिस्कव्हरी गार्डन्सला आलो. इथं झाडं आहेत, लिफ्ट आहे, सगळं आहे. सकाळी सगळे गेले की मी आणि फ्रीज.

सहा-सात महिन्यांनी शांताताईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला. त्या आता पंचाहत्तरीच्या आहेत, दमा आहे. वाक्याला दोनदा थांबून बोलतात. रियासाठी निरोप होता. नाताळाच्या आठवड्यात नगरला करुणाच्या स्मरणाची उपासना ठेवायची आहे. तिथं चहाचं गाणं म्हणू. मी माझा सूर पाठवते, प्रेमा तिचा पाठवेल, आजीचा मधला तेवढा तू गा. आणि शेवटी म्हणाल्या, या नाताळात नाही झालं तर माझ्याच्यानं पुढच्या नाताळात होणार नाही.

रिया पंधरा वर्षांची. शाळेत गाते, कीबोर्ड वाजवते. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. तिनं फोन करून विचारलं, आजीचा सूर कुठाय? शांताताई खोकल्या आणि म्हणाल्या, तो आम्हाला कसा येणार गं, बाबांनी दुसरीचं शिकू दिलं नाही. सासरे वारले, त्यांनी कागदावर काही लिहून ठेवलेलं नाही. तिघींची रेकॉर्ड कधी निघाली नाही. म्हणजे मधला सूर करुणाबरोबर जबल अलीला गेला. खलास.

त्या दुपारी मी हॉलमध्ये खुर्चीत होतो. रियानं दोन फोनवर दोघींचे आवाज एकदम लावून बघितले. आधी मला फक्त शांताताई ऐकू आल्या, माझ्या ओळखीची चाल. मग खालून प्रेमाचा आवाज. दोन्ही लागले आणि मध्ये पोकळ वाटायला लागलं. डक्टचा एक तुकडा बसवायचा राहिला की हवा भसाभस बाहेर जाते, तसं. आणि त्या तुकड्याचं माप मला माहीत होतं. मी तोंड कधी उघडलं ते मलाही कळलं नाही.

रियानं दोन्ही फोन थांबवले. "आबा, व्हॉट वॉज दॅट?"

काही नाही म्हणालो, तुझी आजी असं चुकीचं गायची.

"डू इट अगेन."

अगं, चुकीची चाल आहे ती.

तिनं पुन्हा फोन लावले, मला गायला लावलं आणि मान हलवली. "आबा, इट्स नॉट राँग. इट्स द मिडल."

मला समजेना. मग तिनं कीबोर्डवर तीन बोटं ठेवून दाखवलं. कडेची दोन दाबली, मग मधलं दाबलं, मग मधलं एकटंच दाबलं. एकटं ऐकलं तेव्हा मी उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

पुढं दीड महिना आम्ही ती चाल काढत होतो. माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा. हॉलमध्ये बसून आठवायला गेलं की शांताताईंचीच चाल तोंडात यायची, घसरायचो. शेवटी कळलं की मला ते बाथरूममध्ये, एक्झॉस्ट फॅन लावल्यावरच आठवतं. मग मी आत, दार अर्धं उघडं, रिया बाहेर फरशीवर फोन घेऊन. मी चार अक्षरं म्हणायची, तिनं कीबोर्डवर शोधायची. सुनीता म्हणाली, तुमच्या दोघांचं हे काय चाललंय बाथरूमात? जावई दाराशी टॉवेल घेऊन उभे, "आबा, साडेआठची मीटिंग आहे हो."

एकदा रियानं विचारलं, आजी हे स्टेजवर गायची तर घरी सगळ्यांसमोर का नाही गायची? मी तिला ती शुक्रवारची गोष्ट सांगितली. जशी झाली तशी. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दॅट्स सो मीन, आबा." हो म्हणालो. दोन दिवस ती माझ्याकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी फरशीवर येऊन बसली.

सगळं मिळालं, एक तुकडा सोडून. तिसऱ्या कडव्यात चहा उतू जातो, तिथं चार मात्रा. तिथं मला काही म्हणजे काही ऐकू येईना. पंखा लावला, डोळे मिटले, करामाची ती निळी टाईल आठवली, वस्तऱ्याचा वास आठवला. आधीची ओळ यायची, नंतरची यायची, मध्ये नुसती पत्र्याची घरघर. मला वाटायचं, तिथं ती गॅसकडं वळत असेल, पाठ फिरल्यामुळं आवाज वर येत नसेल. नाहीतर मीच तिथं नळ सोडत असेन.

रिया म्हणाली, "आय कॅन मेक समथिंग अप. नोबडी विल नो."

मी म्हणालो, नाही. माझ्या मनातलं सांगतो. बाकी सगळं चुकून का होईना मी जपलं होतं, आणि तेवढंच नेमकं माझ्या हातून गेलं असं झालं असतं तर शांताताईंसमोर कुठल्या तोंडानं उभा राहणार होतो? एकदा त्यांची बहीण नेली, आता तिचा सूर परत द्यायचा तर तोही तुटका. मी रियाला म्हणालो, तिथं गप्प राहा. नाही ते नाही.

आधी ठरलं होतं की व्हिडिओ कॉलवर गायचं. दोनदा करून बघितलं. नगरचा आवाज इथं पोचेपर्यंत रिया पुढं गेलेली असायची, ती थांबली की तिकडच्या दोघी थांबायच्या, मग तिघी एकदम सॉरी म्हणायच्या. प्रेमा म्हणाली, दाजी, हा चहा आता फ्रीजमध्ये ठेवा. शांताताई हसल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली ती पाच मिनिटं थांबेना. मी त्याच दिवशी सुनीताला म्हणालो, तिकिटं काढ. रियाच्या शाळेला सुट्टी लागली की निघू.

नगरला मी चार वर्षांनी गेलो. दोघी बहिणी एकाच घरात राहतात, दोघींचे नवरे गेलेत. आम्ही पोचलो त्याच दुपारी गायचं ठरलं, कारण शांताताईंना दुपारी दम्याचा त्रास जरा कमी असतो. त्यांना खुर्ची दिली. प्रेमा उजवीकडं उभी राहिली. रियाला कुणी सांगितलं नव्हतं, ती जाऊन मध्ये उभी राहिली.

त्यांनी सुरू केलं. मी पलंगावर बसलो होतो, सुनीता दारात. पन्नास वर्षांपूर्वी त्या नाताळात मला एकच चाल ऐकू आली होती. या वेळी मी मधली धरून बसलो होतो, तर पहिल्यांदा तिन्ही ऐकू आल्या. शांताताईंचा आवाज चिरका झालाय, प्रेमाचा जाड झालाय, रिया इंग्रजी शाळेतलं मराठी गाते. पण मध्ये पोकळ नव्हतं. तिसरं कडवं आलं. ती जागा आली. रिया गप्प झाली. दोघी चार मात्रा गात राहिल्या आणि मी खाली फरशीकडं बघत राहिलो. मग रियानं पुढची ओळ उचलली आणि गाणं संपलं.

मी म्हणालो, शांताताई, तिथलं मला आठवलं नाही. लई प्रयत्न केला. माफ करा.

त्या म्हणाल्या, "कुठलं?"

रियानं दाखवलं, चहा उतू जातो तिथं. दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या आणि प्रेमाला हसू आवरेना.

"अहो दाजी, तिथं ताई गातच नव्हती. तिथं ती चहा उतरवायला पळायची."

स्टेजवर खोटंखोटं. चार मात्रा कडेच्या दोघी भांडत राहायच्या आणि मधली पदर सावरत एका बाजूला पळून, पातेलं उतरवल्यासारखं करून परत जागेवर यायची. लोक त्यालाच हसायचे म्हणे. मीही त्या नाताळात बघितलं असणार. सासऱ्यांनी तिथं तिला मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. म्हणजे माझं काही विसरलं नव्हतं. जेवढं तिचं होतं तेवढं सगळं माझ्यापाशी होतं.

मग मला राहवेना. मी त्यांना ती शुक्रवारची गोष्टही सांगून टाकली. ओठ हलवायची म्हणालो, लोक हसले, ते सगळं. सुनीतालाही ती माहीत नव्हती. शांताताई दम घेत होत्या.

मग म्हणाल्या, "तिनं पत्रात कळवलं होतं. लिहिलं होतं, अक्का, तुम्ही दोघी शेजारी नसलात की मी चुकलेलीच वाटणार. ह्यांचा काही दोष नाही त्यात."

मी म्हणालो, दोष आहे.

"आहे," त्या म्हणाल्या. "आता हातपाय धुवा आणि जेवायला बसा."

इकडं आलेल्यांना एवढंच सांगतो. आपण कामाला आलो, आपल्याला कामावर चार माणसं भेटली. बायकांना आपण एकेकटं उचलून आणलं आणि फ्लॅटमध्ये ठेवलं. मग त्या कमी बोलतात, भलतं बोलतात, त्यांचं काही बसत नाही असं आपणच चारचौघांत हसून सांगितलं. ज्यांच्या शेजारी त्या बरोबर होत्या ती माणसं आपण मागं ठेवली होती. मला तर हे कळायला ती जावी लागली.

उपासना चांगली झाली. छावणीचं देऊळ भरलं होतं. त्या चार मात्रांना रिया खरंच बाजूला पळाली, कानातला हेडफोन खांद्यावर लोंबत होता तो तसाच, आणि म्हातारी माणसं हसली. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ मला नंतर म्हणाले, मधली मुलगी अगदी करुणासारखी, ऐकू येत नाही पण नसली तर कळतं.

निघायच्या आधी शांताताईंनी विचारलं, आता तिकडं काय आहे तुमचं, इथं या, घर बांधून ठेवलंय ते कशाला? खरंय. दुबईच्या कमाईतून मी नगरला सावेडीत घर बांधलं होतं, दोन खोल्या खाली, दोन वर. म्हातारपणी दोघं येऊन राहू म्हणून. करुणा त्यात सगळे मिळून तीन महिनेही राहिली नसेल. मी म्हणालो, ती तिकडं आहे, तिला एकटीला ठेवून यायचं का? पुन्हा?

लोक मला अजून विचारतात, घर कुठलं तुमचं. नगरला विचारतात तेव्हा मी दुबई म्हणतो, दुबईला विचारतात तेव्हा नगर. दोन्हीकडं खोटं बोलल्यासारखं वाटतं. सुनीतानं माझा व्हिसा वाढवून घेतलाय. मी शनिवारी जबल अलीला जातो, रियाला वेळ असला की तीही येते. ती तिथं उभी राहून मधला सूर गाते, एकटाच. आजूबाजूची माणसं बघतात. मला तो आता पुरा गाण्यासारखा ऐकू येतो, कडेच्या दोघी मी मनात धरतो. घर म्हणून विचाराल तर सध्या तेवढंच आहे, आणि ते कुठल्या गावात म्हणायचं मला माहीत नाही.

सावेडीच्या घराचं मात्र ठरवून आलो. प्रेमाच्या आळीत मंडळीतल्या तीन मुली आहेत, सख्ख्या नाहीत, पण गळे चांगले आहेत. त्यांना शिकवायला जागा हवी होती. बंद घरात वाळवी लागते, त्यापेक्षा पोरींचा दंगा बरा. प्रेमाला किल्ली दिली. ती म्हणाली, दाजी, काही नियमबियम? मी म्हणालो, एकच. मधला सूर कुणी धरायचा ते ठरलं की त्या पोरीच्या घरच्यांना आधी बोलावून घे आणि तिघींचं एकदा एकत्र ऐकव.